पंचनाम्यावर सही करण्याआधी



कर्ती माणसं शेतावर गेलेली, घरात सासू-सुना, आणि दारात पोलीस. "घराची झडती घ्यायची आहे," म्हणतात. आपल्या लोणीत काय किंवा आणखी कुठे काय, अशा वेळी बाईला धडकीच भरते. म्हणून आज आपण झडती, जप्ती आणि पंचनामा हे तीन शब्द समजून घेऊ.

झडती म्हणजे शोध घेणं. जप्ती म्हणजे सापडलेली वस्तू ताब्यात घेणं. १ जुलै २०२४ पासून यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. न्यायालयाचं वॉरंट असेल तर ते पाहायला मागा आणि झडती घेऊ द्या. तपासात उशीर परवडणारा नसेल, तर पोलीस अधिकारी वॉरंटाशिवायही झडती घेऊ शकतो. पण त्याची कारणं त्याला लिहून ठेवावी लागतात आणि त्या नोंदीची प्रत ४८ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांकडे पाठवावी लागते.

झडतीला त्या भागातले किमान दोन त्रयस्थ, प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून लागतात. घरच्या माणसालाही हजर राहू द्यावं लागतं. नव्या कायद्याने झडती-जप्तीचं व्हिडिओ चित्रीकरण सक्तीचं केलं आहे. आणि बाईच्या अंगाची झडती बाईनेच घ्यायची, तीही पूर्ण मर्यादा राखून.

"पोलिसांनी नियम मोडला, तर सापडलेली वस्तू पुराव्यातून बाद होते ना?" असं पुष्कळ जणी विचारतात. आपल्याकडे तसं आपोआप होत नाही. मुंबईतल्या तस्करीच्या सोन्याच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये सांगितलं, की झडती बेकायदा असली तरी तेवढ्याने जप्ती रद्द ठरत नाही. म्हणजे "पुढे कोर्टात बघू" म्हणून गप्प बसणं आपल्याला महागात पडू शकतं. त्याच वेळी कागदावर काय उतरतं, याला फार मोल आहे. तो कागद म्हणजे पंचनामा.

समजा, कपाटातून तुमची माळ नेली आणि पंचनाम्यात नुसतं 'पिवळ्या धातूची माळ' लिहिलं. उद्या ती माळ तुमचीच, हे कशावरून ठरवायचं? म्हणून वजन, मण्यांची संख्या, पैसे असतील तर किती रुपयांच्या किती नोटा, मोबाइलचा आयएमईआय क्रमांक, वस्तू कुठे सापडली, हे सगळं लिहायला सांगा. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका. जप्तीच्या यादीची प्रत मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे.

बायकाही पंच होऊ शकतात. लेखी बोलावणं आलं आणि सबळ कारण नसताना नकार दिला, तर तो गुन्हा ठरतो. पंच झालात, तर डोळ्यांनी पाहिलं तेवढ्यावरच सही करा. उद्या न्यायालयाने साक्षीला बोलावलं, तर तेच सांगायचं आहे.

जप्त झालेल्या वस्तूला मुद्देमाल म्हणतात. तो परत मिळावा म्हणून न्यायालयात अर्ज करता येतो. आपल्या आंबेगाव तालुक्याचं न्यायालय घोडेगावला आहे. वकिलाच्या खर्चाची धास्ती नको. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. जाताना यादीची ती प्रत मात्र सोबत न्या.