हॉस्टेलचा फायर अलार्म उगाच का वाजतो? आणि खरी आग लागल्यावर मुलं झोपून का राहतात?

19 जानेवारी 2000. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातलं सेटन हॉल विद्यापीठ. पहाटे साडेचारच्या सुमाराला बोलंड हॉल या पहिल्या वर्षाच्या मुलांच्या वसतिगृहात फायर अलार्म वाजायला लागला. अनेक मुलं अंथरुणातून उठलीच नाहीत.

कारण त्याआधीच्या चारेक महिन्यांत याच इमारतीत 18 वेळा खोटा अलार्म वाजून गेला होता. हा एकोणिसावा असेल असं त्यांना वाटलं. पण यावेळी तिसऱ्या मजल्यावरच्या कॉमन रूममध्ये खरंच आग लागली होती. तीन विद्यार्थी गेले आणि पन्नासहून जास्त जखमी झाले. दोन विद्यार्थ्यांनी चेष्टा म्हणून कागदी बॅनर पेटवला होता, हे पुढे कोर्टात त्यांनीच कबूल केलं.

इमारतीत अलार्म होता, पण स्प्रिंकलर नव्हते. त्याच वर्षी न्यू जर्सीने सगळ्या वसतिगृहांना स्प्रिंकलर बसवायला लावणारा कायदा केला. पाण्याची सोय झाली. त्या 18 खोट्या अलार्मचं काय, हा प्रश्न मात्र जगभरातल्या हॉस्टेलांत तसाच आहे. 15 नोव्हेंबर 2019 ला इंग्लंडमधल्या बोल्टन शहरात 'द क्यूब' ही विद्यार्थ्यांची इमारत पेटली. सगळे सुखरूप बाहेर पडले हे नशीब. पण इथे अलार्म इतक्या वेळा वाजायचा की सुरुवातीला लक्षच दिलं नाही, असं तिथल्या मुलांनीही माध्यमांना सांगितलं होतं.

'लांडगा आला रे आला'ची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. फरक एवढाच की इथे ओरडणारं पोरगं खोडकर नसतं, ते छताला चिकटवलेलं एक यंत्र असतं. आणि ते खोटं बोलत नाही, त्याची फसगत होते.

यंत्राची फसगत कशी होते?

सगळ्यात जास्त वापरला जाणारा डिटेक्टर प्रकाशावर चालतो. आत एक काळोखी डबी असते, त्यात एक छोटा दिवा आणि एक सेन्सर. दिव्याचा उजेड सरळ सेन्सरवर पडणार नाही अशी रचना असते. धूर आत शिरला की त्याच्या कणांवरून उजेड विखुरतो, थोडा सेन्सरवर पडतो आणि अलार्म होतो.

आता गोची अशी, की धुराच्या कणांनी जे होतं तेच वाफेच्या थेंबांनीही होतं. गरम पाण्याने अंघोळ करून बाथरूमचं दार उघडलं आणि डिटेक्टर दाराच्या समोरच असेल, तर झालं काम. डिओड्रंटचा फवारा, हेअर स्प्रे, साचलेली धूळ, अगदी आत शिरलेला किडासुद्धा पुरतो. त्यात आपली मुलं परदेशी गेली की उदबत्ती आणि धूपही बरोबर नेतात.

आणि मग स्वयंपाकघर. तेल कडकडीत तापवून मोहरी, हिंग, लाल मिरचीची फोडणी दिली की जो धूर उठतो, तो धूरच असतो. यंत्राने तो ओळखला तर त्याची चूक काय? चूक ते यंत्र तिथे बसवणाऱ्याची. स्वयंपाकघरात धुराचा नाही, उष्णतेचा डिटेक्टर हवा. साधारण 54 ते 65 अंश सेल्सिअसच्या दरम्यान किंवा तापमान झपाट्याने चढलं तरच तो वाजतो. फोडणीने छताजवळ सहसा एवढी उष्णता होत नाही, पेटलेल्या कढईने होते.

मग सगळीकडे तोच का नाही बसवत? कारण तो उशिरा जागा होतो. गादी धुमसत असेल तर उष्णता वाढायच्या कितीतरी आधी धुराने जीव गुदमरतो. म्हणून झोपायच्या खोलीत धूर ओळखणाराच डिटेक्टर हवा. खरी पंचाईत होते ती स्टुडिओ खोल्यांत, जिथे शेगडी आणि पलंग एकाच छताखाली असतात. तिथे मल्टिसेन्सर उपयोगी पडतो. तो धूर आणि उष्णता दोन्ही बघतो, काही प्रकारांत कार्बन मोनॉक्साइडही. धुमसणाऱ्या गादीतून हा वायू निघतो, अंघोळीच्या वाफेतून निघत नाही.

मुलांना दम देऊन भागत नाही

बऱ्याच ठिकाणी उपाय म्हणून दंडाची नोटीस लागते. पण अलार्म नेमका कुठल्या डिटेक्टरने, किती वाजता, कशामुळे दिला याची नोंद ठेवली, तर तेच ते दोन-तीन डिटेक्टर पुन्हा पुन्हा दिसायला लागतात. एकाची जागा बदलायची, दुसऱ्याचा प्रकार बदलायचा, बाथरूमचा बंद पडलेला एक्झॉस्ट दुरुस्त करायचा. हे काम व्यवस्थापनाचं आहे, विद्यार्थ्यांचं नाही.

दुसरा उपाय म्हणजे थोडी उसंत. एका खोलीत डिटेक्टर लागला की आधी तिथे आणि ऑफिसातल्या पॅनेलवर कळतं. कर्मचारी काही मिनिटांत जाऊन बघतो. तेवढ्यात दुसरा डिटेक्टर लागला किंवा कोणी भिंतीवरचं लाल बटण दाबलं, तर ताबडतोब सगळी इमारत रिकामी करायची. यासाठी रात्री तीन वाजताही जागं माणूस लागतं, म्हणजे पगार लागतो. तो वाचवायचा असेल तर ही पद्धत वापरू नये, कारण बघायला कोणी नसेल तर ती उसंत जिवावर बेतू शकते.

बंबांचाही प्रश्न आहेच. स्कॉटलंडच्या अग्निशमन दलाने 1 जुलै 2023 पासून व्यावसायिक इमारतींत नुसता अलार्म वाजला म्हणून गाड्या पाठवणं बंद केलं. आग असल्याची खात्री हवी. लंडननेही ऑक्टोबर 2024 पासून दिवसाच्या वेळेत तसंच केलं. लोक जिथे झोपतात अशा इमारतींना दोन्हीकडे सूट आहे. म्हणजे हॉस्टेलात जळलेल्या टोस्टसाठी अजूनही बंब निघतो, आणि तेवढा वेळ तो दुसरीकडे जाऊ शकत नाही.

तुम्ही हॉस्टेलात असाल तर

तवा धुरकटला की हात आपोआप दाराकडे जातो. तेच करू नका. बाहेरच्या पॅसेजमध्ये धुराचा डिटेक्टर असतो, त्यामुळे दार उघडलं की सगळी इमारत खाली उतरते. दार बंद ठेवा, खिडकी उघडा, एक्झॉस्ट लावा. स्वयंपाकघराच्या दाराला अग्निशामक सिलिंडरची टेकण लावून ते उघडं ठेवायची पद्धत सर्रास दिसते. ते दार आग रोखण्यासाठीच असतं आणि सिलिंडर त्याला अडकवायला दिलेला नसतो.

डिटेक्टरवर मोजा, शॉवर कॅप किंवा प्लॅस्टिक चढवू नका. फक्त तुमचीच नाही, शेजारच्या खोलीत झोपलेल्याचीही सूचना त्याने बंद होते.

तुमच्या खोलीतला डिटेक्टर वाफेने वारंवार वाजत असेल तर तारीख-वेळ लिहून लेखी तक्रार करा आणि जागा किंवा प्रकार बदलून मागा. आणि पहाटे अलार्म वाजला तर खरा की खोटा हे खोलीत बसून ठरवू नका. जॅकेट, चपला, किल्ली घ्या आणि जिन्याने खाली या.