ॲडेनोमायोसिस व गर्भारपण

ॲडेनोमायोसिस व गर्भारपण : गर्भाशयाच्या अंतःस्तरातील ग्रंथी व त्यांभोवतालचे ऊतक गर्भाशयाच्या स्नायुस्तरात शिरून वाढल्यास त्या विकृतीस ॲडेनोमायोसिस म्हणतात. बॉल्टिमोर येथील टॉमस कलन यांनी १९०८ मध्ये तिचे सविस्तर वर्णन केले. १९२५ मध्ये व्हिएन्नाच्या ओस्कार फ्रांकल यांनी तिला हे नाव दिले. दीर्घकाळ तिचे निश्चित निदान शस्त्रक्रियेने काढून टाकलेल्या गर्भाशयाच्या सूक्ष्मदर्शकीय तपासणीनेच होत असे. त्यामुळे ही चाळिशीनंतरची विकृती असून गर्भारपणाशी तिचा संबंध नाही, असा समज रूढ झाला. सोनोग्राफी व एमआरआय या प्रतिमादर्शन पद्धतींमुळे ती मूल हवे असणाऱ्या तरुण स्त्रियांतही आढळू लागली आणि हा समज मागे पडला.

अशा स्त्रियांत गर्भपात, अकाल प्रसूती, गर्भारपणातील रक्तदाबवृद्धी, गर्भाची अपुरी वाढ व प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव यांचे प्रमाण अधिक आढळते. वार नीट रुजण्यासाठी स्नायुस्तराच्या आतील भागातील सर्पिल रोहिण्या रुंदावाव्या लागतात; नेमका तोच भाग येथे विकृत झालेला असतो, हे एक कारण मानले जाते. तथापि यांतील अनेक स्त्रिया वयाने मोठ्या असतात किंवा त्यांची गर्भधारणा कृत्रिम उपायांनी झालेली असते. म्हणून सर्व दोष या विकृतीच्या माथी मारणे योग्य नव्हे. केवळ या निदानामुळे मातृत्वाचा विचार सोडण्याचे अथवा गर्भाशय काढून टाकण्याचे कारण नसते.

खरी तयारी गर्भधारणेपूर्वीच व्हावयास हवी. अतिआर्तवामुळे अनेक स्त्रियांना आधीच रक्तक्षय झालेला असतो. त्यांना प्रसूतीच्या वेळचा, एरवी सहन झाला असता असा रक्तस्रावही धोकादायक ठरतो. म्हणून हीमोग्लोबिन तपासून लोहाची उणीव आधी भरून काढणे आवश्यक असते. स्नायूतील विकृत भाग शस्त्रक्रियेने काढला असल्यास व्रणाच्या जागी गर्भाशय फाटण्याची किंवा वार खोलवर रुजण्याची भीती असते. अशा स्त्रीची प्रसूती बहुधा कळा सुरू होण्यापूर्वी नियोजित शस्त्रक्रियेने करतात.

गर्भारपणात ही विकृती कमी करणारे सुरक्षित औषध नाही. भर देखरेखीवरच असतो. रक्तदाब नियमित मोजतात, सोनोग्राफीने गर्भाची वाढ व गर्भाशय ग्रीवेची लांबी पाहतात. रक्तदाबवृद्धीचा संभव अधिक असल्यास १६ व्या आठवड्यापूर्वी अल्प मात्रेत ॲस्पिरीन सुरू करतात. मात्र ते वैद्याच्या सल्ल्यानेच घ्यावे. पोटात एकाएकी तीव्र वेदना झाल्यास किंवा रक्तस्राव होऊ लागल्यास त्वरित तपासणी करून घ्यावी. केवळ या विकृतीसाठी सिझेरियन करण्याची गरज नसते. प्रसूती मात्र रक्त उपलब्ध असणाऱ्या रुग्णालयातच व्हावी व मूल जन्मताच गर्भाशय आकुंचित करणारे ऑक्सिटोसीन द्यावे.