काळ्या रेषा वाचणारे हातातील यंत्र

दुकानातून आणलेल्या बिस्किटांच्या पुड्यावर काळ्या-पांढऱ्या उभ्या रेषा असतात. त्यांच्याखालचा क्रमांक ६०९ ने सुरू होत असेल तर तो आपल्या मॉरिशसच्या संस्थेने दिलेला. ८९० असेल तर भारतातल्या. माल तिथेच बनला, असे मात्र त्यावरून ठरत नाही. दुकानातली मुलगी हातातले छोटे यंत्र त्या रेषांसमोर धरते आणि किंमत बिलावर उमटते. हे यंत्र कसे घडले, ते आज आम्ही सांगणार आहोत.

ही हकीकत अमेरिकेतली. १९४८ साली फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल संस्थेत बर्नार्ड सिल्व्हर यांच्या कानावर एका किराणा कंपनीच्या प्रमुखाची मागणी आली : गल्ल्यावर मालाची नोंद आपोआप व्हावी. त्यांनी ती आपले मित्र नॉर्मन जोसेफ वुडलँड यांना सांगितली. वुडलँड यांनी मायामीच्या किनाऱ्यावर वाळूत मोर्स लिपीची टिंबे व रेघा काढून बोटांनी खाली ओढल्या. त्यातून जाड-बारीक रेषांची कल्पना निघाली. ७ ऑक्टोबर १९५२ रोजी दोघांना पेटंट मिळाले.

पण रेषा वाचायच्या कशा? त्यांच्या पहिल्या यंत्रात ५०० वॉटचा दिवा होता. त्याच्या उष्णतेने कागद धुमसू लागे. १९६० साली लेसर आला, तेव्हा बारीक व तेजस्वी प्रकाश हाती लागला. २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातील ट्रॉय गावी च्युइंगगमच्या पाकिटावरून पहिल्यांदा गल्ल्यावर अशी किंमत घेतली गेली.

ते यंत्र मात्र गल्ल्याच्या मेजात पक्के बसवलेले होते. तांदळाची जड गोणी त्यावर उचलून धरायची कोणी? माल यंत्राकडे नेण्याऐवजी यंत्रच मालाकडे न्यावे, हे उघड होते. पण ते सोपे नव्हते.

एक प्रकार पेनासारखा निघाला. टोकातून उजेड पडतो; पांढरा भाग तो परत फेकतो, काळा गिळतो. अडचण हाताची. कोणी पेन भरभर ओढतो, कोणी सावकाश. म्हणून यंत्र रेषेची जाडी शेजारच्या रेषांशी ताडून पाहते.

दुसरा प्रकार पिस्तुलासारखा. न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवरील सिम्बॉल टेक्नॉलॉजीज या कंपनीने १९८० च्या सुमारास तो बाजारात आणला. आतला चिमुकला आरसा हलतो आणि लेसरचा ठिपका रेषांवरून धावतो. प्रकाश डोळ्यांना अपाय होणार नाही इतका मंद हवा. तरी दुकानातल्या दिव्यांच्या उजेडातही परत आलेला किरण ओळखता यायला हवा. शिवाय हात दुखू नये इतके वजन हलके हवे. तांबड्या प्रकाशाला तांबडी रेषा पांढरीच दिसते, म्हणून रेषा तांबड्या छापत नाहीत.

चुकीवर पहारा ठेवतो तो शेवटचा अंक. आधीच्या अंकांवरून हिशेब करून तो काढलेला असतो. हिशेब जुळला नाही तर यंत्र गप्प राहते. चुकीची किंमत लावण्यापेक्षा ते बरे.

तरीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रेषांत फक्त क्रमांक असतो. किंमत दुकानाच्या संगणकात असते. फळीवरचा भाव आणि संगणकातला भाव वेगळे असले तर यंत्राला ते कळत नाही. याच शंकेने अमेरिकेत ग्राहक व कामगार संघटनांनी आवाज उठवला. मिशिगन राज्याने १९७६ साली बहुतेक मालावर नगानगावर किंमत लावण्याचा कायदा केला. २०११ साली तो सैल करण्यात आला.

वुडलँड व सिल्व्हर यांना आपल्या पेटंटचे एकूण १५,००० डॉलर मिळाले. सिल्व्हर १९६३ सालीच वारले. ट्रॉयचा तो दिवस त्यांना दिसला नाही. वुडलँड २०१२ पर्यंत जगले.

यंत्र रेषा अचूक वाचते, पण बिल वाचायचे काम आपलेच आहे. घरातल्या मुलांना ते काम द्यावे, असे आम्ही सुचवतो. हिशेबही शिकतील आणि रुपयेही वाचतील.