दयासिंगांची दख्खन

कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रकांच्या रांगेतून चालताना एखाद्या केबिनवर शिखांचं खंडा हे चिन्ह रंगवलेलं दिसतं, आत काचेपाशी गुरू गोविंदसिंगांची तसबीर. हे चालक ‘नांदेड’ क्वचितच म्हणतात. त्यांच्या तोंडी ‘हजूर साहेब’. पनवेलहून सुटणाऱ्या रेल्वेगाडीच्या पाटीवरही तेच नाव आहे. आपल्याकडे शीख आणि दख्खनच्या नात्याची गोष्ट १७०८ पासून, गुरूंच्या अखेरच्या दिवसांपासून सांगितली जाते. मला ती नऊ वर्षं आधीपासून सांगावीशी वाटते.

१६९९ ची बैसाखी, आनंदपूर. उपसलेली तलवार हाती धरून गुरूंनी शीर मागितलं, तेव्हा पहिला उठला लाहोरचा दयाराम. मागोमाग हस्तिनापूरचा धरमदास, पुरीचा हिंमतराय, द्वारकेचा मोहकमचंद आणि बिदरचा साहिबचंद. खत्री, जाट, पाणक्या, छिंपी, न्हावी. परंपरेने पाचांच्या जाती आणि गावं आवर्जून जपली, कारण एकाच लोखंडी भांड्यातलं अमृत या पाचांनी प्यायलं, हेच तर त्या दिवसाचं मोठेपण. छिंपी म्हणजे कापडावर छपाई करणारा, आपल्या शिंप्याचा भाऊबंद. शिंपी नामदेवांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत, हे आठवलं की मोहकमचंद आपल्याला परका वाटत नाही. आणि बिदर तर आपल्या शिवेवरचंच!

अमृत घेतलेले पाचही जण ‘सिंग’ झाले. पुढे हिंमतसिंग, मोहकमसिंग आणि साहिबसिंग मोगलांशी झालेल्या चमकौरच्या लढाईत पडले. उरले दयासिंग आणि धरमसिंग. गुरूंनी फारसीत लिहिलेलं ‘जफरनामा’ हे पत्र औरंगजेबाला पोचवण्याची कामगिरी या दोघांवर आली. बादशहा होता अहमदनगरला. पंजाबातून तिथवर बाराशे किलोमीटरहून अधिक वाट, तीही मोगली मुलखातून. पत्रातला मजकूर काय? कुराणावर हात ठेवून दिलेलं वचन तुझ्या माणसांनी मोडलं, ही थेट बादशहाला विचारणा. असं पत्र कमरेला बांधून चालत राहणं, याला मी रणातल्या शौर्याहून कमी लेखणार नाही.

परंपरा सांगते, की दोघांना दरबारात लवकर शिरकाव मिळेना. औरंगाबादेत मुक्काम पडला. तिथे आजही भाई दयासिंगांच्या नावाचा गुरुद्वारा आहे. अशा कथा भाविकांच्या म्हणून बाजूला सारण्याची घाई होते. पण बादशहाच्या हुकुमांचा संग्रह असलेल्या ‘अहकाम-इ-आलमगिरी’त गुरूंकडून पत्र आल्याची नोंद आहे, आणि त्यांच्याशी सलोख्याने वागण्याबद्दल लाहोरच्या मुनीमखानाला पाठवलेला हुकूमही. शत्रूच्या दप्तराने इथे भाविकांच्या बाजूने साक्ष दिली आहे. पत्र पोचलं होतं.

गुरू आणि बादशहाची भेट मात्र झाली नाही. गुरू दक्षिणेकडे निघाले आणि राजपुतान्यात असतानाच, १७०७ मध्ये, बादशहा अहमदनगरला वारल्याची बातमी आली. पुढे बहादूरशहाच्या छावणीबरोबर ते गोदाकाठी नांदेडला पोचले. इथे माधोदास बैराग्याचा मठ होता. त्याचा बंदासिंग झाला आणि पाच बाण घेऊन पंजाबकडे निघाला. दोन वर्षांत त्याने सरहिंद जिंकलं. इकडे मारेकऱ्याच्या वारानंतर ७ ऑक्टोबर १७०८ रोजी गुरूंनी देह ठेवला. त्यांच्या अंगीठ्यावर, म्हणजे चितेच्या जागी, रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ मध्ये गुरुद्वारा उभारला. गर्भगृहाच्या स्नानासाठी आजही पहाटेच्या काळोखात गोदावरीची घागर खांद्यावरून येते.

दयासिंग आणि धरमसिंग पंजाबला परतले नाहीत. नांदेडलाच दोघांचा शेवट झाला. त्यांचा जोडीचा अंगीठा तिथे दाखवतात. मुक्तसरच्या लढाईत तलवार चालवणारी माई भागो गुरूंच्या सोबत नांदेडपर्यंत आली होती. तिचा बुंगा, म्हणजे निवासस्थान, गुरुद्वाऱ्याच्या आवारातच आहे. गुरूंच्या मागे ती आणखी दक्षिणेला गेली आणि बिदरजवळ जनवाड्याला राहिली. साहिबसिंगांना चमकौरहून ज्या मुलखात परतता आलं नाही, त्या मुलखात.