आलाव्यापाशी रडणारी दादी

आमच्या दादीला घरात रडताना कुणी पाहिलं नाही. तिचा धाकटा भाऊ १९४८ साली लातूरमध्ये घराबाहेर पडला तो परत आलाच नाही, एवढं एकच वाक्य आम्हा पोरांना ठाऊक. पुढे विचारलं तर म्हणायची, 'जाने दे बेटा, चाय पी.' पण मोहरमच्या नवव्या रात्री नांदेडच्या आमच्या गल्लीत पंजांपुढचा आलावा पेटला, मर्सिया सुरू झाला, की हीच बाई छाती पिटून रडायची. मला वाटायचं, इमाम हुसैनसाठी रडते.

पुढे तारखा जुळवल्या. १३ सप्टेंबर १९४८ ला पोलीस ॲक्शन सुरू झाली, १७ ला निजाम शरण आला. त्याआधी रझाकारांनी खेडोपाडी जो छळ मांडला तो विसरायचा नाही. त्यांचा पुढारी कासीम रझवी लातुरातच वकिली करायचा. पण त्याचा हिशेब ज्यांच्याकडून चुकता झाला, त्यांतल्या कितीतरी जणांचा रझाकारांशी काडीचा संबंध नव्हता. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्याच वर्षअखेर हिंडून पाहिलं. मृतांचा तिचा अंदाज २७ ते ४० हजार. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड सर्वांत होरपळलेले. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात. तो अहवाल कित्येक दशकं बाहेर आला नाही. शाळेच्या पुस्तकात १७ सप्टेंबरचा झेंडा होता, तो मलाही प्रिय आहे. दादीचा भाऊ मात्र त्यात नव्हता.

आणि त्याच नोव्हेंबरात मोहरम आला. मोठ्यानं रडायची मुभा असलेले ते पहिले दिवस.

शहरांत हल्ली ज्याला परफॉर्मन्स आर्ट म्हणतात, त्यात पुष्कळदा प्रेक्षकाला खुर्ची नसते. तो घटनेच्या मधोमध उभा. चित्रकार नलिनी मलानी १९४६ मध्ये कराचीत जन्मल्या, फाळणीत कुटुंब इकडे आलं. १९९८ मध्ये मंटोच्या 'टोबा टेकसिंग' कथेवरून त्यांनी पत्र्याच्या ट्रंकांत पडदे मांडले. पाहणारा त्या ट्रंकांमधून वाट काढत हिंडतो.

आलावा याहून वेगळा काय? विस्तवाची धग अंगाला लागते, हलगीचा ठेका पायात शिरतो. शेजारी नारळ घेऊन आलेला हिंदू शेतकरी असतो. मर्सियात नाव येतं अली अकबरचं, तान्ह्या असगरचं. रडणारी त्या जागी आपल्या माणसाला बसवते. कुणावर बोट दाखवावं लागत नाही. याला मी औषध म्हणणार नाही. दादी शेवटपर्यंत बोलली नाहीच. रात्री दाराला दोन कड्या लावायची तिची सवय मला लागली, माझ्याकडून लेकीला.

गेल्या मोहरमला आलाव्यापाशी लेकीनं विचारलं, 'अब्बा, तुमच्या दादीच्या भावाचं नाव काय होतं?'

मला ते माहीत नव्हतं.