अणुप्रारूपांतील स्थित्यंतरे : प्रयोगांची भूमिका

प्रस्तावना

थॉमसन, रुदरफोर्ड व बोर यांची अणुप्रारूपे बहुधा आकृत्यांच्या क्रमाने शिकविली जातात. त्यामुळे आधीचे प्रारूप भाबडे होते व नंतरच्या शास्त्रज्ञाला अधिक चांगली कल्पना सुचली, असा विद्यार्थ्यांचा समज होतो. वस्तुतः प्रत्येक स्थित्यंतरामागे जुन्या प्रारूपात न बसणारे एखादे निरीक्षण आहे. प्रस्तुत लेखात या दृष्टीने तीन टप्प्यांचा विचार केला आहे.

इलेक्ट्रॉनचा शोध

१८९७ साली जे. जे. थॉमसन यांनी कॅथोड किरणांचे विचलन मोजले. नळीतील वायू किंवा विद्युदग्राचा धातू बदलला तरी कणांच्या प्रभाराचे वस्तुमानाशी असलेले गुणोत्तर तेच राहिले; ते हायड्रोजन आयनाच्या सुमारे हजारपट होते. अणूला अंतर्गत रचना असल्याचे यातून सूचित झाले. त्यांच्या १९०४ च्या प्रारूपात धनप्रभारित गोलामध्ये इलेक्ट्रॉन वलयांतून फिरतात. बेदाण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या सांगली-तासगाव भागात ‘शिऱ्यातील बेदाणे’ हा दाखला सहज सुचतो. मात्र त्यातून इलेक्ट्रॉनांची गती सूचित होत नाही.

अणुकेंद्रकाचा शोध

१९०९ साली मँचेस्टर येथे गायगर व मार्सडेन यांना प्लॅटिनमवर आदळणाऱ्या सुमारे ८००० अल्फा कणांपैकी एक कण मागे फिरलेला आढळला. थॉमसन-प्रारूपानुसार हे जवळजवळ अशक्य होते. १९११ मध्ये रुदरफोर्ड यांनी प्रभार अतिसूक्ष्म केंद्रात एकवटलेला मानून, कोणत्या कोनात किती कण वळतील याचे सूत्र मांडले. १९१३ मध्ये ५ ते १५० अंशांच्या दरम्यान कणसंख्या अडीच लाख पटींनी बदलूनही हे सूत्र खरे ठरले.

ऊर्जापातळ्या

अभिजात सिद्धांतानुसार रुदरफोर्डच्या अणूतील इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावून केंद्रकात कोसळावयास हवा. १९१३ मध्ये बोर यांनी ठरावीक ऊर्जापातळ्या गृहीत धरून हायड्रोजनच्या वर्णरेषांचे स्पष्टीकरण दिले. १९१४ मध्ये फ्रांक व हर्ट्झ यांना पाऱ्याच्या वाफेत इलेक्ट्रॉन ४.९ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा गमावताना आढळले. त्यांनी प्रथम त्याचा अर्थ आयनीभवन असा लावला. तो ऊर्जापातळ्यांतील फरक असल्याचे पुढे स्पष्ट झाले.

निष्कर्ष

प्रभार-वस्तुमान गुणोत्तर व फ्रांक-हर्ट्झ हे प्रयोग पदवीस्तरावर करता येतात. उत्तर प्रमाणित मूल्याशी जुळले की प्रयोग संपला, असे मात्र होऊ नये. ‘ही संख्या कोणत्या प्रारूपात बसत नाही, आणि का?’ हा प्रश्न सातारा व सांगली जिल्ह्यांतील आपल्या महाविद्यालयांच्या तोंडी परीक्षेत विचारला गेला, तर विद्यार्थी आकृतीबरोबरच तिच्यामागील पुरावाही शिकेल.