खडतर वाटेच्या मोटारसायकलीचे आसन

दुकानात अंगठ्याने दाबून जे सर्वांत मऊ लागते तेच आसन सुखकर, असा समज सर्रास आढळतो. परंतु असा फोम लांबच्या प्रवासात पार दबून जातो आणि शरीराचा सारा भार बैठकीच्या दोन हाडांवर येतो, म्हणून दाट, काहीसा कठीण फोमच पसंत करावा. आसन मागे रुंद, पण टाकीपाशी निमुळते हवे, कारण दगडधोंड्यांतून जाताना उभे राहून गुडघ्यांनी टाकी आवळावी लागते. उदाहरणार्थ, हिमालयन ४५० या मोटारसायकलीचे आसन मुळातच ८२५ ते ८४५ मिलिमीटर उंच. त्यावर जाडी वाढवण्यापूर्वी पाय जमिनीस पोहोचतात याची खातरजमा करावी. विक्रेता नवे आसन बसवून गाडी चालवून पाहण्याची मुभा देत नसेल, तर कुशल कारागिराकडून मूळ आसनातीलच फोम बदलून घ्यावा, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे.